सदाने मोहनला पाठवलं नव्हतं

मोहनला घेऊन मी वाडीतून निघालो तेव्हा माझा धाकटा भाऊ सदा गोठ्यातून बाहेर आला नाही. मोहन त्याचा एकुलता एक मुलगा. अंगणात बॅग घेऊन उभा राहिला, दोनदा खाकरला. आतून वैरण ओढल्याचा आवाज येत होता. त्या वेळेला सदा कधी वैरण टाकत नसे. शेवटी गोठ्याच्या दिशेने मोहनने नुसतं "येतंय" म्हटलं आणि आम्ही पाणंदीला लागलो. वळणावर तो थांबला, मागे बघायला लागला. मी म्हटलं, "चल, एसटी चुकेल." एसटीला अजून भरपूर वेळ होता, हे मला ठाऊक होतं.

हे मी लिहितो आहे ते वाडीत उरलेल्या मोजक्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे मुंबईला येऊन पुढे नालासोपारा, विरार, बदलापूरकडे पांगलेल्यांसाठी. आपल्या मंडळाच्या सभेत अजून सांगतात, की सदाने पोटचा एकुलता पोर गावाच्या खोलीसाठी दिला. ऐकणारे माना डोलावतात. ही गोष्ट पसरवली मी. ती खोटी आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरीचा आहे. माझ्यामागे ती खरी म्हणून उरू नये.

मी स्वतः निघालो तो बोटीने. मालवणच्या बंदरापर्यंत बाबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आले. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसेपर्यंत त्यांनी ती मला उचलू दिली नाही. आई धक्क्यावर आली नव्हती. ती घरी चुलीपुढे बसून होती, धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त सांगता यावं म्हणून. बाबा एकच वाक्य बोलले. "खोलीत जागो गावलो काय सोडू नको." मला तेव्हा वाटलं, बाप आशीर्वाद देतो आहे. पुढे आयुष्यभर मी तेवढंच केलं.

खोली म्हणजे लालबागच्या चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची आपल्या गावाची खोली. आत्ताच्या मुलांना सांगून पटत नाही, म्हणून नीट सांगतो. ती एका माणसाची नव्हती, गावाची होती. वाडीतून जो पुरुष मुंबईला येईल त्याने तिथे पथारी टाकायची. भिंतीवर तिन्ही बाजूंनी फळ्या, फळ्यांवर ट्रंका, जिथे ट्रंक तिच्याखाली त्या माणसाची झोपायची जागा. रात्रपाळीचा कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा झोपे. चादरी तेवढ्या आपापल्या. खाली एक बाई खाणावळ चालवायची, तिच्या सोलकढीत नारळ कमी पडला की सगळी खोली तिला गावची आठवण करून द्यायची आणि ती म्हणायची, "मग गावाकच रवाचा होता", म्हणजे गावालाच राहायचं होतं.

खोलीचा नियम एकच. ज्याचं लग्न होऊन बिऱ्हाड झालं, त्याने ट्रंक उचलायची, आणि ती जागा रिकामी ठेवायची नाही. लगेच गावाला निरोप जायचा: एक जागा झाली आहे, माणूस पाठवा. पुढच्या बोटीने, नंतर पुढच्या एसटीने कोणीतरी यायचं. नाही पाठवला तर खाडीपलीकडच्या गावाची माणसं टपलेली असायची; त्यांनी एकदा ट्रंक ठेवली की जागा गेली. जागा जाणं म्हणजे गावाची नाचक्की. खानदेशातले, घाटावरचे लोकही मुंबईत आले, पण पोटासाठी आले. आम्ही पोटासाठी आलोच, आणि त्याहून जास्त खोली भरलेली राहावी म्हणून येत राहिलो. ही चूक फक्त आमचीच माणसं करू जाणोत.

मी रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालो, गिरणीच्या टाइम ऑफिसात लागलो, आणि अक्षर बरं म्हणून मंडळाचा सेक्रेटरी झालो. सगळे 'शेकट्री' म्हणत. माझं लग्न झालं, परळला वेगळी खोली मिळाली, तरी हे काम माझ्याकडेच राहिलं. निरोप धाडायचो तो मी. मे महिन्यात गावी गेलो की बायका पोरांना माझ्यापुढे उभं करायच्या. "ह्येका कधी नेतंस?" मी पोराचा दंड दाबून बघायचो आणि हसून म्हणायचो, दिवाळीनंतर बघू. केवढा मोठा वाटायचो मी मला! एकेका घरातला एकेक मुलगा मी उचलला. मग दुसरा. मुंबईत कोणाचं बारसं, कोणाचं लग्न असलं की मला पुढच्या खुर्चीत बसवायचे. माझ्यामुळे एवढी घरं उभी राहिली म्हणायचे. इकडे घरं उभी राहत होती हे खरं. तिकडे काय होत होतं ते मी मे महिन्यात बघायचो, आणि मे महिन्यात वाडी भरलेलीच असायची.

आईच्या शेवटच्या वर्षांत एकदा जनगणनेचा मास्तर घरी आला होता. मी योगायोगाने पडवीत होतो. त्याने विचारलं, मुलगे किती, घरात कोण कोण राहतं? आई म्हणाली, "दोन झील. दोनय घरातच आसत." मी पस्तीस वर्षांचा, परळला बायको आणि मुलगा. मास्तराने माझ्याकडे पाहिलं. तो गेल्यावर आईला म्हटलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, जिवंत मुलगा घरात नाही असं तोंडाने कसं म्हणायचं? वाडीतल्या सगळ्या आयांनी बहुधा असंच सांगितलं असणार. त्यांच्या तोंडून आमची वाडी कितीतरी वर्षं भरलेली राहिली.

पण किती वर्षं? त्या आया गेल्या. शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते. आधी प्रत्येक अंगणात थांबायची, मग कुलूप असलेल्या दारांपुढेही क्षणभर थांबायला लागली, मग उचलणाऱ्यांचे खांदे भरून यायला लागले म्हणून थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रात वाचलं, की मागच्या जनगणनेत कोकणातले आपले दोन्ही जिल्हे वाढले नाहीत, उलट घटले. ठाण्यापलीकडे मात्र माणूस मावत नाही. शेजारी बसलेला एक जण म्हणाला, कोकणी माणूस शहाणा, कुटुंब छोटं ठेवतो. मी ऐकून घेतलं. प्रत्येक गेलेल्या माणसाचं नाव मला येत होतं.

गंमत अशी, की लालबागही तसंच रिकामं झालं. गिरण्या बंद पडल्या. ज्यांच्या खोल्या होत्या त्यांनी त्या विकल्या, लांब जाऊन फ्लॅट घेतले. आपली माणसं आणखी एकदा निघाली, ह्या वेळी कोणी धक्क्यावर रडलं नाही. टेम्पोत सामान चढवलं आणि वसईच्या खाडीपलीकडे गेली. गावाच्या खोलीतल्या फळ्यांवर एकही ट्रंक उरली नाही. मी आठवड्यातून एकदा जाऊन झाडून यायचो. ह्याच सुमारास चाळीच्या जागी टॉवर होणार असं ठरलं. बिल्डरची माणसं येऊन कोणती खोली वापरात आहे ते बघणार होती. बंद दिसली तर मालक ताबा मागेल, फ्लॅट मिळणार नाही, असं सगळे म्हणू लागले. मी सभा बोलावली. विचारलं, खोलीत राहायला कोणाचा मुलगा येतो?

एक म्हणाला, "माझ्या पोराक कमोडची सवय आसा. तो काय चाळीच्या संडासाच्या लायनीत उभो रवतलो?"

दुसरा म्हणाला, "शेकट्री, तूच झोप ना रे हितं. नायतरी वहिनी तुका घरात खंय ठेवता!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. माझं नाव परळच्या खोलीवर होतं, म्हणून माझं राहणं चालणार नव्हतं. माझा मुलगा तेव्हा बदलापूरला नवा फ्लॅट घेऊन राहिला होता. त्याला मी विचारलंसुद्धा नाही. मला एकच तरुण डोळ्यांपुढे दिसला, जो अजून वाडीत होता.

मोहन तेव्हा विशीत होता. कलमं त्याच्या हाताला लागायची. बाप-लेक दोन गाई, थोडी भातशेती आणि आंब्याची बाग बघायचे. सदाची बायको आधीच गेली होती. पालखीच्या पुढच्या दांड्याला आमच्या घराचा मान. बाबांनंतर सदा आणि सदाच्या जोडीला मोहन. वाडीत त्या वयाचं दुसरं कोणी नव्हतं.

मी गेलो आणि सदाला बागेत गाठलं. खोलीचं सांगितलं. वर्षभराचा प्रश्न आहे, मग परत पाठवतो, असंही म्हटलं. सदा कलमाला सुतळी बांधत होता. बांधून झाल्यावर म्हणाला, "दादा, ह्येका नेव नको. बाकीचे सगळे नेलंस, मी कायएक बोलाक नाय. ह्येका रवांदे. माका खांदो देवक तरी कोण होयो."

मी म्हटलं, बघू.

आमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आमच्याच काय, तुमच्याही घरात. बापाला मुलाचं मन कळायचं ते आईकडून किंवा काकाकडून, आणि मुलाला बापाचं तसंच. मधला माणूस सांगेल ते खरं. आई नव्हती. मधला माणूस मी होतो. संध्याकाळी विहिरीवर मी मोहनला सांगितलं, "बाबा म्हणतात, जा. इथे राहून तुझं काय होणार? त्यांना तू मुंबईला सुधारलेला बघायचाय." मोहनने विचारलं, "बाबा असं म्हणाले?" मी हो म्हटलं. रात्री सदाला सांगितलं, "पोरगंच मागे लागलंय. त्याला इथे कंटाळा आलाय. अडवू नकोस." सदाने भात तसाच ठेवून हात धुतला.

दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी बोललो. म्हणून सदा गोठ्यात राहिला आणि मोहन अंगणातून खाकरत राहिला. बापाला वाटलं, मुलाला घर नकोसं झालं. मुलाला वाटलं, बापाला मी नकोसा झालो.

मोहन त्या खोलीत एकटा झोपायला लागला. पूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे तो भिंतीच्या कडेला, जुन्या फळीखाली चटई टाकायचा. बिल्डरची माणसं आली, बघून गेली. परत आली. वर्ष झालं, दोन झाली. जुन्या गिरणीच्या आवारात काचेची ऑफिसं झाली होती, तिथे त्याला साफसफाईच्या कंपनीत नोकरी लागली. मी ज्या आवारात हजेरी घ्यायचो त्याच आवारात तो लाद्या पुसणाऱ्यांवर देखरेख करू लागला. गणपतीला आम्ही गावी जायचो. सदा त्याच्याशी पाहुण्यासारखं बोलायचा. "चाय घेतलंस?" इतकंच.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी परतीच्या प्रवासात मोहन मला म्हणाला, "काका, बाबांचं वय झालं. त्यांना एकदा विचारून बघा ना, मी परत आलो तर चालेल का?" किती कमीपणा घेऊन विचारलं त्याने! तेव्हा चाळ पाडायची तारीख जवळ आली होती आणि त्यापूर्वी शेवटची पाहणी व्हायची होती. मी दोन आठवडे गप्प बसलो आणि मग सांगितलं, "विचारलं. ते म्हणतात, तिथेच राहा."

मी विचारलं नव्हतं. पहिलं खोटं खोलीसाठी होतं, असं मी मनाची समजूत घालत आलो. ह्या दुसऱ्याला माझ्याकडे समजूत नाही. एक फोन करायचा होता. दुकानात फोन होता, दुकानदार हाक मारून सदाला बोलावून आणायचा. सदा धावत आला असता.

त्यानंतर मोहन दोन वर्षं गणपतीलाही आला नाही. नालासोपाऱ्याला भाड्याने घर घेतलं, लग्न केलं. लग्नात सदा आला, मागच्या रांगेत बसला, जेवून रात्रीच्या गाडीने परत गेला.

सदा गेला तो पौषात, आंब्याला मोहोर धरला होता तेव्हा. पायरीवर बसल्या बसल्या गेला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पाच-सहा माणसं होती आणि सगळी माझ्या वयाची किंवा वरची. तिरडी बांधून ठेवली होती. मोहनच्या हातात मडकं, त्याने पुढे चालायचं. माझा गुडघा तेव्हाच गेलेला. स्मशान ओढ्यापलीकडे, चढावर. मी अंगणात उभं राहून खांदेकरी शोधू लागलो. शोधू म्हणजे काय, मान फिरवली की संपलं.

कुंपणापाशी प्रेम उभा होता. तो नेपाळचा. बागांची राखण करायला आला आणि बायको-मुलांसह शेजारच्या बंद घराच्या पडवीत राहिला. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ आणि आणखी दोघे बागेतले कामगार. कामाला येणारी, सदाच्या आजारपणात पाणी तापवून देणारी माणसं तीच. मी जरा घुटमळलो. गावचा मान, घरचा मान, असलं काहीतरी माझ्या मनात आलं, आणि मी हळूच म्हटलं, ह्यांनी उचललेलं गावाला चालेल का, विचारायला हवं.

सरस्वतीकाकी, वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, पायरीवर बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "इचारतंस काय रे विष्णू? तुझे चार खंय आसत ते तरी दाखय माका."

त्या चौघांनी सदाला उचललं. मी मागून चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसलो होतो तर प्रेमची लहान मुलगी आली. वाडीच्या शाळेत तीन-चार मुलं उरली आहेत, त्यांतली ही एक. शाळा चालू आहे ती ह्यांच्यामुळे. तिने माझ्याकडे न्याहाळून बघितलं आणि स्वच्छ मालवणीत विचारलं, "आजोबा, तुम्ही खंयचे?" कुठले म्हणून, माझ्याच पडवीत. मी परळ म्हणालो.

टॉवर झाला. गावाला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सभेत पेढे वाटले. तिथे कोणी राहत नाही. गावाहून यायला माणूस उरला नाही आणि नालासोपाऱ्याच्या माणसाला लालबागेत पथारी टाकायची गरज नाही. संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर समोरच्या टॉवरातही दिवे थोडेच लागतात. घेऊन ठेवलेली घरं आहेत. आणि मोहन चौघांचं कुटुंब एका खोलीत घेऊन पार तिकडे. फ्लॅट बंद राहून नळ गंजू नयेत म्हणून महिन्यातून एकदा तोच येतो, नळ सोडतो, खिडक्या उघडतो. अजूनही खोली तोच राखतो.

गेल्या महिन्यात मी त्या दिवशी मुद्दाम गेलो. तो मोरीत नळ सोडून उभा होता. पाणी लालसर येत होतं. मी दारातूनच सगळं सांगितलं. बागेतलं, विहिरीवरचं, फोनचं. बसून सांगितलं असतं तर जमलं नसतं.

तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "ते काय बोलले होते? तुमच्या भाषेत नको. त्यांच्या सांगा."

मी सांगितलं. दादा, ह्येका नेव नको.

"परत."

मी परत सांगितलं. ह्येका रवांदे, इथवर. त्याने वाट बघितली. मी खांद्याचंही सांगितलं.

पाणी स्वच्छ झालं होतं. त्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले, खिडक्या एकेक करून लावल्या. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. लिफ्टपाशी माझा हातही धरला, नेहमीसारखा, गुडघ्यासाठी. खाली फाटकाशी म्हणाला, "काका, यंदा गणपतीला तुम्ही येऊ नका. घर मी उघडीन."

परक्या माणसांना ह्याचा अर्थ लागायचा नाही, पण तुम्हाला लागेल. वर्षभर बंद असलेलं घर गणपतीच्या आधी उघडायचं, देवासमोर दिवा लावायचा, हा घरातल्या थोरल्याचा मान. बाबांनंतर तो माझा होता. मी घरात राहत नव्हतो, तरी माझाच होता, आणि सदा घरातच राहत असूनही दरवर्षी माझी एसटी येईपर्यंत देवासमोरची समई विझवून ठेवायचा, मी येऊन पेटवावी म्हणून. मी त्याबद्दल त्याला कधी एक शब्द बोललो नाही.

मी मोहनला बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला अनेकदा लोक विचारतात, शेकट्री, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी वाडीचं नाव सांगायचो, आणि मुंबईत जन्मलेल्या पोरांनाही सांगायला लावायचो. परळची खोली माझी आहे, पण तिथे मला कोणी मनाई करू शकत नाही. मजल्यावरच्या बहुतेक दारांना कुलपं आहेत. मनाई करायला माणूस लागतो. तसा एक माणूस आता फक्त वाडीच्या घराला आहे, आणि त्याने ती केली आहे.

ह्या गणपतीत मी साठ वर्षांत पहिल्यांदा मुंबईत असेन. लालबागचा रस्ता इतका भरेल की मुंगीला वाट मिळणार नाही. त्यात आमच्या वाडीचं कोणी नसेल. वाडीत त्या सकाळी मोहन कुलूप काढेल. समई आधीच विझवून ठेवायला तिथे कोणी नाही. ती वर्षभर विझलेलीच असते. तो ती पेटवील. प्रेमची मुलगी पायरीवर येऊन उभी राहील आणि त्यालाही विचारील, तुम्ही खंयचे. तो काय सांगतो, ते मला कळणार नाही.